मोटारीच्या पाण्यांत उतरलेलें तेल : निदान आणि दुरुस्ती

मोटार, जीप आणि ट्रॅक्टर हीं वाहनें आतां शेतकऱ्याच्या घरचींच झालीं आहेत. बैल आजारी पडला असतां त्याच्या डोळ्यांवरून, कानांवरून व शेणावरून रोग ओळखण्याची विद्या आपल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु यंत्राच्या रोगाची अशी पारख अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. यामुळें यंत्र बिघडलें कीं तें मिस्त्रीच्या स्वाधीन करावयाचें आणि तो सांगेल तो खर्च मुकाट्यानें सोसावयाचा, असा परिपाठ पडून गेला आहे.

रेडिएटरच्या पाण्यांत तेल उतरणें हा असाच एक रोग होय. झांकण उघडतांच आंत दुधाळ, चिकट साय दिसते, आणि "हेडचें गॅस्केट गेलें, इंजिन उघडावें लागेल," असा निकाल पाहतांक्षणींच दिला जातो. हा निकाल कधीं खरा ठरतो, परंतु पुष्कळदां खोटाही ठरतो. हेड उतरवून, तें घांसून, नवें गॅस्केट घालून गाडी घरीं आणावी, आणि पंधरा दिवसांत पाणी पुन्हां तेलकट व्हावें. म्हणजे मग ध्यानांत येतें कीं दोष हेडांत नव्हताच, तो इंजिनाच्या बाजूस बसविलेल्या ऑईल कूलरांत होता. तोंवर पैसा गेलेला असतो, आणि ट्रॅक्टर असेल तर पेरणीची वाफही निघून गेलेली असते. सबब इंजिन उघडण्यापूर्वीं, हें तेल कोणतें आणि तें कोठून आलें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें कशीं मिळवावीं, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

तेल व पाणी यांचे मार्ग

इंजिनांत पाण्याचा व तेलाचा असे दोन स्वतंत्र प्रवाह सतत वाहत असतात. पाणी सिलिंडरांच्या भोंवतीं व हेडांतून फिरून तेथील उष्णता घेतें आणि रेडिएटरांत जाऊन ती हवेस देतें. तेल चेंबरांतून पंपानें उचललें जाऊन बेअरिंगें, कॅमशाफ्ट इत्यादि घासणाऱ्या भागांस पोंचतें व पुन्हां चेंबरांत गळून पडतें. हे दोन्ही प्रवाह कांहीं ठिकाणीं एकमेकांच्या अगदीं शेजारून जातात. मध्यें केवळ एखादा पातळ पत्रा, रबराची कडी किंवा गॅस्केटची अरुंद पट्टी असते. ही आडभिंत जेथें फुटेल तेथेंच दोहोंची गांठ पडते. अशा जागा मोजक्याच आहेत :—

(१) ऑईल कूलर : एका बाजूनें पाणी व दुसऱ्या बाजूनें तेल जाईल अशी पातळ पत्र्यांची घडी इंजिनाच्या कुशीस किंवा तेलाच्या फिल्टराखालीं बसविलेली असते. डिझेल इंजिनांत ही योजना पुष्कळ ठिकाणीं आढळते. घडीचा पत्रा कुजून फुटतो, किंवा तिच्या रबरी कड्या उष्णतेनें कडक होऊन चिरतात.

(२) रेडिएटरांतील गिअर-तेलाचा कूलर : ज्या मोटारींत गिअर आपोआप बदलतात, त्यांपैकीं पुष्कळ मोटारींत गिअर-बॉक्सचें तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकींत ठेवलेली असते. ती फुटली कीं गिअरचें तेल पाण्यांत येतें.

(३) हेडचें गॅस्केट : ब्लॉकमधून हेडकडे चढणारी तेलाची वाट व पाण्याची वाट या दोन्ही गॅस्केटांतील छिद्रांतून जातात. त्या दोन छिद्रांमधील पट्टी गेली म्हणजे तेल पाण्यांत शिरतें.

(४) हेडास किंवा ब्लॉकास गेलेली भेग : पाणी संपलेल्या स्थितींत इंजिन चालविल्यानें, किंवा तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतल्यानें अशी भेग पडण्याचा संभव असतो.

दाबाचा न्याय

निदानाची किल्ली एकाच गोष्टींत आहे, व ती म्हणजे दाब. जिकडे दाब अधिक, तिकडून जिकडे तो कमी, असा प्रवाह वाहतो. गरम इंजिन कामाच्या वेगानें चालत असतां तेलाचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरास २ ते ४ किलोग्रॅम असतो. उलट रेडिएटरचें झांकण सुमारें १ किलोग्रॅमच्या आसपासच पाण्याचा दाब सोडून देतें. म्हणून इंजिन चालू असतां तेल पाण्यांत जातें. इंजिन बंद करतांच तेलाचा दाब शून्यावर येतो, परंतु पाणी तापलेलें असल्यानें त्याचा दाब कांहीं वेळ टिकून राहतो. अशा वेळीं त्याच छिद्रांतून पाणी उलट तेलांत जातें. यावरून एकाच भोंकामुळें प्रथम रेडिएटर व मागाहून चेंबर असे दोन्हीं कसे बिघडतात, हें ध्यानांत येईल.

याच न्यायानें आणखी एक गोष्ट सिद्ध होते. चेंबरांत पडून असलेल्या तेलास दाब मुळींच नसतो. ज्या ट्रॅक्टरांच्या इंजिनांत ओले लायनर, म्हणजे बाहेरून पाण्यांत बुडालेले लायनर असतात, त्यांच्या तळच्या ओ-रिंगा गेल्या तर पाणी चेंबरांत झिरपतें. परंतु चेंबरांतलें तेल वर चढून रेडिएटरांत जाऊं शकत नाहीं. सबब चेंबरांत पाणी व रेडिएटर मात्र स्वच्छ, अशी स्थिति असेल तर पहिला संशय लायनरच्या ओ-रिंगांवर घ्यावा. रेडिएटरांत तेल असेल तर मात्र दाबाच्या वाटेवरील जागाच शोधावी.

प्रथम काय करावें

पाण्यांत तेल दिसतांच गाडी चालविणें थांबवावें. "बाजारापुरती नेऊं, मग पाहूं," हा विचार फार महाग पडतो. पाणी मिसळलेलें तेल बेअरिंगवर टिकत नाहीं. धातूवर धातू घासून बेअरिंगें जातात, आणि जें काम एका कडीवर भागलें असतें तें क्रँकशाफ्टपर्यंत पोंचतें. गाडी दुसऱ्या वाहनानें ओढून न्यावी. मात्र आपोआप गिअर बदलणारी गाडी चालतीं चाकें जमिनीवर ठेवून ओढूं नये, ती उचलून न्यावी.

रेडिएटरचें झांकण इंजिन पूर्ण निवल्याशिवाय कदापि उघडूं नये. सुमारें १ किलोग्रॅम दाबाखालीं पाणी १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. झांकण निघतांच दाब नाहींसा होतो, आणि तेंच पाणी क्षणांत उसळून तोंडावर व हातांवर येतें.

हें खरोखर तेल आहे काय

पाण्यांतील प्रत्येक गढूळपणा म्हणजे तेल नव्हे. गंज व क्षार यांचा गाळही तांबूस-तपकिरी दिसतो. पूर्वीं कित्येक इंजिनांच्या पाण्यांत गंज धरूं नये म्हणून पाण्यांत मिसळणारें तेल मुद्दाम घालीत, व त्यानें पाणी दुधासारखें दिसे. परीक्षा सोपी आहे. एका कांचेच्या बाटलींत रेडिएटरांतील पाणी घेऊन रात्रभर स्थिर ठेवावें. गंज तळाशीं बसतो. तेल किंवा त्याची साय वर तरंगते. वरच्या थराचा एक थेंब टीपकागदावर टाकून वाळूं द्यावा. पाण्याचा डाग वाळून जातो. तेलाचा डाग राहतो, व कागद उजेडाकडे धरला असतां तेथें पारदर्शक दिसतो.

तसेंच इंजिनांत तेल ओतण्याच्या झांकणाखालीं थोडी पांढरट साय दिसली, एवढ्यावरूनच घाबरून जाऊं नये. थंडीच्या किंवा पावसाळ्याच्या दिवसांत गाडी वारंवार थोडथोडेंच अंतर चालविली तर हवेंतील दमटपणा तेथें गोठतो. डिपस्टिकवरचें तेल स्वच्छ असेल, पाणी कमी होत नसेल, आणि लांबच्या एका प्रवासानंतर ती साय नाहींशी होत असेल, तर तो दोष नव्हे.

तेल कोणतें

तेल आहे असें ठरलें कीं त्याचा रंग पाहावा.

तपकिरी, दूध घातलेल्या कॉफीसारखी किंवा काळसर साय असेल तर तें इंजिनाचें तेल होय. डिझेल इंजिनाचें तेल लवकर काळें पडत असल्यामुळें तेथें रंग अधिक गडद असतो. डिपस्टिकवर तेलाची पातळी उतरली आहे काय, हें त्याच वेळीं पाहावें. पातळी वाढलेली व तेल दुधाळ असेल, तर पाणीही तेलांत गेलें आहे असें समजावें.

गुलाबी साय असेल तर तें बहुधा आपोआप चालणाऱ्या गिअर-बॉक्सचें तांबडें तेल होय. मात्र कूलंटही कित्येकदां गुलाबी किंवा तांबडें असतें; सबब रंगाबरोबर बुळबुळीतपणा व टीपकागदाची परीक्षाही पाहावी. तेल गिअरचें ठरल्यास इंजिनास हात लावण्याचें कांहींच कारण नाहीं. दोष रेडिएटरांत आहे. याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. तेथें विकल्या गेलेल्या निसान कंपनीच्या २००५ ते २०१० सालच्या पाथफाइंडर, एक्सटेरा व फ्रंटियर या गाड्यांत रेडिएटरांतील हाच कूलर फुटून पाणी व गिअर-तेल एकत्र होण्याच्या तक्रारी झाल्या, कोर्टांत दावे लागले, आणि कंपनीनें त्या भागाच्या हमीची मुदत वाढवून दिली. अशा बिघाडांत गिअर-बॉक्सचें नुकसान अधिक होतें. कारण त्यांतील घर्षणाच्या चकत्यांचें अस्तर पाणी शोषतें व सुटून येतें.

स्वच्छ, न घुसळलेलें तेल पाण्यावर नुसतें तरंगत असेल, आणि इंजिनाची व गिअरची पातळी जशीच्या तशी असेल, तर कोणी तरी चुकून पाण्याच्या टाकींत तेल ओतलें काय, ही चौकशी आधीं करावी. अशा वेळीं केवळ धुण्यानें काम भागतें.

तें कोठून आलें : परीक्षांचा क्रम

तेल इंजिनाचें आहे असें ठरल्यावर ऑईल कूलर, गॅस्केट व भेग या तिहींपैकीं दोष कोठें, हें शोधावयाचें राहतें. येथें स्वस्त परीक्षा आधीं व महाग परीक्षा मागाहून, हा क्रम कधींही मोडूं नये.

पहिली परीक्षा जळक्या वायूची. बहुतेक चांगल्या कारखान्यांत निळ्या द्रवाची एक नळी असते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून, इंजिन चालू ठेवून, पाण्यावरची हवा त्या द्रवांतून ओढतात. पाण्यांत सिलिंडरांतील जळका वायू येत असेल तर निळा रंग पेट्रोल इंजिनांत पिवळा व डिझेल इंजिनांत हिरवट होतो. रंग बदलला तर गॅस्केट किंवा भेग यांवरचा संशय बळावतो. रंग न बदलला तर सिलिंडराची बाजू शाबूत आहे असें समजावें. मात्र एवढ्यावरून गॅस्केट सर्वस्वीं निर्दोष ठरत नाहीं, कारण तेलाच्या व पाण्याच्या छिद्रांमधलीच पट्टी गेली असेल तर जळका वायू पाण्यांत येत नाहीं.

दुसरी परीक्षा कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकानें मोजून आंकडे लिहून ठेवावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब इतरांहून बराच कमी भरला, तर त्या दोहोंमध्यें गॅस्केट जळालें असण्याचा संभव फार. सर्व आंकडे सारखे असतील तर तिसऱ्या परीक्षेकडे वळावें.

तिसरी परीक्षा ऑईल कूलरची, व हीच आपल्याकडे बहुधा टाळली जाते. कूलर उतरवून त्याची तेलाची एक वाट बुचानें घट्ट बंद करावी, दुसरीकडून निर्मात्याच्या पुस्तकांत सांगितलेल्या दाबाची हवा भरावी, आणि तो कोमट पाण्यांत बुडवावा. पाण्याच्या बाजूनें बुडबुडे आले कीं चोर सांपडला. कोमट पाणी घेण्याचें कारण असें कीं कित्येक बारीक भेगा धातु गरम झाल्यावरच उघडतात. बुडबुडे न आल्यास रबरी कड्या व त्यांच्या बैठका नीट तपासाव्या; चपटी झालेली, कडक किंवा चिरलेली कडी हा पुरेसा पुरावा होय.

या तिन्ही परीक्षा झाल्यावर, व कूलर निर्दोष ठरल्यावरच हेड उघडण्यास संमति द्यावी. मालकानें मिस्त्रीस नम्रपणें, परंतु स्पष्टपणें, "कूलर तपासला काय?" हा एक प्रश्न विचारावा.

दुरुस्ती

कूलरच्या कड्या गेल्या असतील तर त्या सर्वच बदलाव्या. एक बदलून बाकीच्या जुन्या ठेवूं नयेत. पितळी कूलरास डाग देतां येतो. परंतु ॲल्युमिनियमच्या घडीचा पत्रा फुटला असतां नवा कूलर घालणेंच श्रेयस्कर. रेडिएटरांतील गिअर-तेलाची नळी फुटली असेल तर नवा रेडिएटर घालावा, किंवा गिअर-तेलाकरितां हवेनें थंड होणारा निराळा कूलर बसवून ती वाट रेडिएटरपासून कायमची तोडावी. गिअर-बॉक्सचें तेलही लागलीच बदलावें.

हेड काढणें प्राप्त झालें तर तें थंड इंजिनावरच काढावें, व बोल्ट कसण्याचा जो क्रम असतो त्याच्या उलट क्रमानें थोडथोडे सैल करावे. हेडाच्या तळावर सरळ धारेची पट्टी आडवी, उभी व कर्णांवर ठेवून तिच्याखालीं फिलर गेज सरकवून पाहावें. मोटारींच्या हेडांस सामान्यतः ०·०५ ते ०·१० मिलिमीटरपर्यंतच वांकडेपणा चालतो. नक्की मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत पाहावी. ब्लॉकांतील बोल्टांच्या भोंकांत तेल किंवा पाणी सांचलेलें राहूं देऊं नये. बोल्ट कसतांना त्या द्रवास बाहेर वाट मिळत नाहीं व ब्लॉक तडकतो. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, टॉर्क पान्यानेंच कसावे. जे बोल्ट कसतांना ताणले जातात, ते पुन्हां वापरूं नयेत.

बाजारांत गळती थांबविणाऱ्या पुडी व द्रव मिळतात. रेडिएटरच्या बाहेरील बारीक गळतीस त्यांचा तात्पुरता उपयोग होत असेल. परंतु तेलाच्या गळतीस तो होत नाहीं. तेलाचा दाब पाण्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळें तें ठिगळ टिकत नाहीं, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात.

धुण्याचें काम

दुरुस्ती पुरी होण्याआधीं धुण्याचे श्रम करूं नयेत. आणि दुरुस्ती झाल्यावर धुण्याची हयगय करूं नये. नळ्यांच्या आंत बसलेला तेलाचा थर उष्णता अडवितो, व नवें गॅस्केट घातलेलें इंजिन पुन्हां तापतें.

धुण्यापूर्वीं इंजिनाचें तेल व फिल्टर बदलावा, म्हणजे दुधाळ तेलावर इंजिन चालविण्याची वेळ येणार नाहीं. मग पाणी सर्व ठिकाणांहून काढून टाकावें, व थर्मोस्टॅट काढून ठेवावा, म्हणजे प्रवाह मोकळा फिरेल. गाडीस हीटर असेल तर तो पूर्ण गरमीवर ठेवावा. कोमट पाण्यांत तेल काढणारें कूलिंगचें द्रावण, किंवा भांडीं धुण्याच्या यंत्राची फेंस न होणारी पूड दर १० लिटरास सुमारें १०० ग्रॅम, विरघळवून भरावी. हातानें भांडीं घासण्याचा साबण फार फेंसाळतो, तो घेऊं नये. कॉस्टिक सोडा तर वर्ज्यच. तो ॲल्युमिनियम खातो. रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल यांनीं धुणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय, व रबराचाही त्यानें नाश होतो. इंजिन मंद गतीनें १५ ते २० मिनिटें चालवावें, निवूं द्यावें, पाणी काढावें, व पुन्हां भरावें. पाण्यावर तवंग दिसेनासा होईपर्यंत हें करीत राहावें. चार-पांच वेळां, क्वचित् त्याहून अधिक वेळांही करावें लागतें. शेवटीं निव्वळ पाण्यानें दोनदां धुवावें.

पाण्याच्या नळ्यांसाठीं वापरलें जाणारें रबर उष्णता व पाणी उत्तम सोसतें, परंतु खनिज तेल त्यास मानवत नाहीं. तें फुगतें व मऊ पडतें. अशा नळ्या धुऊन सुधारत नाहींत. बोटांनीं दाबून ज्या बुळबुळीत किंवा फुगीर वाटतील त्या बदलाव्या. थर्मोस्टॅट व रेडिएटरचें झांकणही नवें घालावें.

यानंतर निर्मात्यानें सांगितलेलें कूलंट शुद्ध पाण्यांत, सामान्यतः निम्मेनिम, मिसळून भरावें. दख्खनच्या विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्याचा चुना कूलरच्या अरुंद वाटांत बसतो. सबब ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावें. इंजिनाचें तेल व फिल्टर, थोडें चालवून झाल्यावर, आणखी एकदां बदलावा, म्हणजे आंत राहिलेला ओलावा निघून जाईल. पहिल्या १०० व नंतर ५०० किलोमीटरांवर पाणी व डिपस्टिक पाहावी. थोडा तवंग प्रथम दिसला तर तो आधींचा अवशेष असूं शकतो. पुसून टाकल्यावर तो वाढत राहिला तरच पुन्हां शोध घ्यावा.

काढलेल्या पाण्याची विल्हेवाट

पुष्कळ कूलंटांत इथिलीन ग्लायकोल असतें. तें चवीला गोड पण विषारी असतें. गुरें, वासरें व कुत्रीं तें चाटतात आणि दगावतात. मुलांसही त्याचा तितकाच धोका आहे. काढलेलें पाणी व तेल झांकणाच्या डब्यांत साठवून, जुनें तेल घेणाऱ्या कारखान्याकडे पोंचवावें. तें अंगणांत, बांधावर किंवा विहिरीच्या आसपास कधींही ओतूं नये.

सारांश, रेडिएटरांतील साय पाहून इंजिन उघडूं नये. आधीं बाटली व टीपकागद, मग डिपस्टिक व रंग, मग वायू व कॉम्प्रेशन, मग कूलर, आणि सर्वांच्या शेवटीं हेड, हा क्रम प्रत्येक वाहनधारक शेतकऱ्यानें लिहून गाडींत ठेवावा. पहिल्या दोन परीक्षांस पैसाही पडत नाहीं, आणि कित्येकदां त्याच शेवटच्या परीक्षेचा खर्च वांचवितात.